आरसी ट्रकचे दिवे: मिणमिणणारे हेडलाइट, ब्रेक लाइटचे तर्कशास्त्र आणि ट्रेलरची जोडणी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. १:१४ प्रमाणातील, टामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या पद्धतीचा, ट्रेलर ओढणारा रिमोट-कंट्रोल (आरसी) ट्रक. मागे घरी बनवलेला ट्रेलर. फ्लायस्कायचा एफएस-आय६ रिमोट. ब्रशवाली मोटर आणि २एस लिपो (दोन सेलची लिथियम पॉलिमर) बॅटरी. हेडलाइटसाठी दोन पांढरे एलईडी आपण रिसिव्हरच्या (ट्रकमध्ये रिमोटचे सिग्नल घेणाऱ्या डबीच्या) रिकाम्या चॅनेलच्या प्लस-मायनसवर रेझिस्टर घालून जोडले आहेत. ते लागतात, पण स्टिअरिंग पूर्ण वळवले की मिणमिणतात. आता त्याच जागेवरून ब्रेक, रिव्हर्स, इंडिकेटर आणि ट्रेलरचे दिवे घ्यायचे आहेत, आणि ते कसे घ्यावेत असे आपण विचारले आहे.

मिणमिणण्याचे कारण आधी पाहू, कारण पुढची बरीचशी जोडणी त्यावरच ठरते. रिसिव्हरला वीज मिळते ती ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या युनिटमध्ये) बसवलेल्या बीईसीकडून, म्हणजे बॅटरीचे व्होल्टेज कमी करून देणाऱ्या सर्किटकडून, आणि तो साधारणपणे ५ किंवा ६ व्होल्ट देतो. स्टिअरिंगचा सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर) शेवटच्या टोकाला अडून घुर्रऽऽ करत राहिला की तो क्षणभर एखादा अँपिअर किंवा त्याहूनही जास्त प्रवाह ओढतो आणि बीईसीचे व्होल्टेज खाली बसते. पांढऱ्या एलईडीला स्वतःलाच सुमारे ३.१ व्होल्ट लागतात, म्हणजे ५ व्होल्टच्या पुरवठ्यात रेझिस्टरवर पडणारे उरतात फक्त १.९ व्होल्ट. पुरवठा ४ व्होल्टपर्यंत घसरला तर तेथे ०.९ उरतात आणि एलईडीतला प्रवाह निम्म्याहून कमी होतो. लाल एलईडीला दोनच व्होल्ट पुरतात, त्यामुळे त्याच घसरणीत त्याचा प्रवाह एक तृतीयांशाने कमी होतो आणि डोळ्याला ते फारसे जाणवत नाही. आपले हेडलाइट बिघडलेले नाहीत. सर्व्होवर ताण येतो आहे एवढेच ते दाखवत आहेत. म्हणून पहिला उपाय दिव्यांचा नाहीच. रिमोटच्या मेनूत एंड पॉइंट्स (सर्व्होच्या हालचालीची टोके) कमी करून चाके टोकाला पोहोचताच सर्व्होचा आवाज थांबेल असे करावे. सर्व्हो असाच अडत राहिला तर पुढेमागे त्याचे गिअर जातील, आणि व्होल्टेज फार बसले तर रिसिव्हरच मधूनमधून बंद पडेल.

आता एकूण प्रवाहाचा हिशेब मांडू. हेडलाइट दोन, प्रत्येकी १५ मिलिअँपिअर. समोरचे पार्किंग दोन, प्रत्येकी ५. केबिनच्या माथ्यावरचे पाच, प्रत्येकी ४. बाजूचे मार्कर सहा, प्रत्येकी ३. ब्रेक दोन, प्रत्येकी १२. रिव्हर्स दोन, प्रत्येकी ८. इंडिकेटर पुढचे, मागचे आणि बाजूचे मिळून सहा, प्रत्येकी १०. आणि नंबर प्लेटचा एक, ३. सगळे एकदम पेटले तरी बेरीज १८१ मिलिअँपिअर होते, ट्रेलर धरून ३०० च्या आसपास. बीईसीच्या ताकदीपुढे हा आकडा किरकोळ आहे, आणि "दिवे वाढवले की बीईसी जळतो" ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. तरीही मी दिव्यांसाठी वेगळा पुरवठा घ्यावा असेच सुचवीन, कारण प्रश्न ताकदीचा नसून सर्व्होच्या धक्क्यांचा आहे. एमपी१५८४ चिपवर आधारलेले, नखाएवढे बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारे) मॉड्यूल मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळते. काहीही जोडण्यापूर्वी त्याला बॅटरी द्यावी, मल्टिमीटर लावून स्क्रू फिरवत बरोबर ५.० व्होल्ट साधावेत, आणि मगच पुढे जावे. दुकानातून आलेले मॉड्यूल कोणत्या व्होल्टेजवर लावलेले असेल याचा नेम नसतो. बॅटरीकडून कन्व्हर्टरकडे जाणाऱ्या लाल वायरमध्ये, बॅटरीच्या अगदी जवळ, १ अँपिअरचा फ्यूज हवाच. लिपो बॅटरी शॉर्ट झाली तर बारीक वायर क्षणात लाल होते आणि प्लॅस्टिकच्या केबिनला भोक पडायला तेवढे पुरते.

येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे. कन्व्हर्टरची मायनस आणि रिसिव्हरची मायनस एकत्र जोडलेली असली पाहिजे, नाहीतर रिसिव्हरचे सिग्नल दिव्यांच्या सर्किटला वाचताच येणार नाहीत. मात्र दोघांची प्लस कधीही एकमेकांना जोडू नये. रिसिव्हरकडून सर्किटकडे येणाऱ्या तीन तारांच्या केबलमधली मधली लाल तार प्लगातून उपसून काढावी, तिच्यावर स्लीव्ह चढवून ती दुमडून ठेवावी आणि फक्त सिग्नल व मायनस पुढे न्यावेत.

रेझिस्टरबाबत एकच नियम पुरेसा आहे: प्रत्येक एलईडीला त्याचा स्वतःचा रेझिस्टर. दोन-चार एलईडी समांतर जोडून सर्वांना मिळून एक रेझिस्टर दिला तर ज्याचे व्होल्टेज किंचित कमी तो जास्त प्रवाह खातो आणि बाकीचे मंद राहतात. माथ्यावरच्या पाच दिव्यांच्या रांगेत हा फरक लगेच डोळ्यांत भरतो. रेझिस्टरची किंमत पैशांत मोजण्याइतकी कमी आहे, तेथे काटकसर करू नये. बॅटरीवरून थेट दोन पांढरे एलईडी एकापुढे एक जोडण्याचा सल्ला काही जण देतात. २एस बॅटरी पूर्ण भरली असता ८.४ व्होल्ट देते आणि उतरत उतरत ६.५ च्या खाली येते, तर दोन पांढऱ्यांनाच ६.२ व्होल्ट लागतात. म्हणजे सुरुवातीला डोळे दिपवणारे हेडलाइट अर्ध्या तासात काजव्यासारखे होतील. ५ व्होल्टचा स्थिर पुरवठा असताना या भानगडीत पडण्याचे कारण नाही.

दिवे चालू-बंद करण्यासाठी दोन मार्ग आहेत. टामियाच्या एमएफसी नावाच्या तयार युनिटमध्ये इंजिनाचा आवाज, दिवे आणि केबिनची थरथर सगळे एकत्र मिळते. ज्याला सोल्डरिंग नकोसे वाटते आणि खर्चाची फिकीर नाही, त्याने ते निःशंकपणे घ्यावे. पण ट्रेलर घरचा आहे आणि दिव्यांची संख्या आपण ठरवणार असाल, तर आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि यूएलएन२८०३ (स्विचचे काम करणारा चिप) ही जोडी जास्त लवचीक पडते. नॅनोच्या एका पिनवरून २० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह घेऊ नये, आणि सहा इंडिकेटर तर एकदम लागणार. म्हणून मध्ये यूएलएन२८०३ हवा. त्यात आठ स्वतंत्र स्विच असतात, १ ते ८ या पिना नॅनोकडे, समोरच्या १८ ते ११ दिव्यांकडे आणि ९ क्रमांकाची मायनसला. इनपुटचे रेझिस्टर आतच बसवलेले असल्याने नॅनोच्या पिना थेट जोडता येतात. १० क्रमांकाची पिन मोटर किंवा रिलेसाठी असते, दिव्यांना ती लागत नाही. हा चिप दिव्याची मायनस बाजू तोडतो-जोडतो, म्हणून सर्व एलईडींची प्लस एकत्र ५ व्होल्टला जाते आणि प्रत्येक गटाची मायनस वेगळी परत येते. मात्र त्यात सुमारे ०.८ व्होल्ट खर्च होतात, हे रेझिस्टर काढताना विसरू नये. पांढऱ्यासाठी ५ मधून ०.८ आणि ३.१ वजा केले की १.१ व्होल्ट उरतात. १० मिलिअँपिअरसाठी १०० किंवा १२० ओहम. लाल व पिवळ्यासाठी २.२ व्होल्ट उरतात. १० मिलिअँपिअरसाठी २२० ओहम, मार्करसारख्या ३ मिलिअँपिअरच्या दिव्यांसाठी ६८० ओहम. पांढऱ्याकडे जेमतेम १.१ व्होल्टची शिल्लक राहते, आणि वेगळ्या, न हलणाऱ्या पुरवठ्याचा आग्रह मी धरतो तो मुख्यतः यासाठी.

चॅनेलची वाटणी मोड २ च्या रिमोटवर अशी करावी. उजव्या दांडीवर स्टिअरिंग आणि थ्रॉटल, म्हणजे चॅनेल १ आणि २. डावी दांडी उभ्या दिशेने स्प्रिंगवर परत येत नाही, जेथे सोडाल तेथे थांबते, म्हणून ती तीन गिअरच्या गिअरबॉक्सला उत्तम. हे चॅनेल ३. तीच दांडी आडव्या दिशेने मात्र मध्यावर परत येते, तेव्हा चॅनेल ४ वर इंडिकेटर घ्यावेत: डावीकडे एकदा टिचकी दिली की डावा सुरू, पुन्हा दिली की बंद. तीन टप्प्यांचे एसडब्ल्यूसी बटण चॅनेल ५ ला देऊन बंद, पार्किंग आणि हेडलाइट असा क्रम लावावा. स्टिअरिंग वळवताच इंडिकेटर आपोआप लागावा अशी जोडणी पुष्कळ जण करतात, पण मला ती पटत नाही. चालक वळण्याआधी इंडिकेटर देतो, वळताना नाही. स्टिअरिंगचा सिग्नल उलट कामासाठी वापरावा: वळण घेऊन चाके मध्यावर आली की इंडिकेटर आपोआप बंद व्हावा, खऱ्या गाडीच्या दांडीसारखा.

रिसिव्हर प्रत्येक चॅनेलवर सेकंदाला सुमारे ५० वेळा एक छोटा पल्स पाठवतो. त्याची लांबी १००० ते २००० मायक्रोसेकंद असते आणि मध्यावर १५०० च्या जवळपास. नॅनोच्या पल्सइन या आदेशाने ती मोजता येते, पण हा आदेश पल्स येईपर्यंत बाकी सगळे थांबवून ठेवतो. चारही चॅनेल एका दमात वाचले तर इंडिकेटरची लय अडखळते. म्हणून प्रोग्रामच्या एका फेरीत एकच चॅनेल वाचावे, २५,००० मायक्रोसेकंदांची मुदत घालावी आणि उत्तर शून्य आले तर सिग्नल तुटला असे समजून सगळे इंडिकेटर उघडझाप करू द्यावेत. ट्रक सुरू करताना पहिल्या सेकंदात थ्रॉटलचा मध्य मोजून तोच प्रमाण धरावा, कारण ट्रिम (रिमोटवर दांडीचा मध्य सरकवणारे बटण) हलला की १५०० चे १४७० कधी होतात ते कळत नाही. मध्याच्या दोन्ही बाजूंना ४० मायक्रोसेकंदांचा पट्टा निष्क्रिय ठेवावा.

खरी मेख आहे ती ब्रेक लाइटमध्ये. मॉडेल ट्रकला ब्रेकचे वेगळे पेडल नसते. ब्रेक लागला की नाही ते थ्रॉटलच्या हालचालीवरून ओळखावे लागते आणि ते ईएससी कोणत्या पद्धतीचा आहे यावर अवलंबून असते. गाड्यांच्या नेहमीच्या ईएससीत पुढे जाताना दांडी मागे ओढली की पहिल्यांदा ब्रेक लागतो, दांडी मध्यावर आणून पुन्हा ओढली की रिव्हर्स. म्हणून प्रोग्रामने मागची अवस्था लक्षात ठेवली पाहिजे. दांडी पुढे गेली की अवस्था "पुढे". त्या अवस्थेतून मागे ओढली की "ब्रेक", आणि मध्यावर येईपर्यंत ब्रेकच. मध्यावर येऊन गेल्यावर पुन्हा मागे ओढली तरच "रिव्हर्स", आणि तेव्हाच पांढरे दिवे लागावेत. नुसते "दांडी मागे म्हणजे रिव्हर्स" असे लिहिले तर प्रत्येक ब्रेकला रिव्हर्सचे दिवे चमकतील, आणि मागून पाहणाऱ्याला तो ट्रक नव्हे, खेळणे वाटेल. ईएससी क्रॉलर (खडकांवरून हळू चढणाऱ्या मॉडेलांच्या) पद्धतीचा असेल तर त्यात ब्रेकची पायरीच नसते, दांडी मागे म्हणजे थेट रिव्हर्स. तेथे ब्रेक लाइट दांडी मध्यावर परत येण्यावरून घ्यावा लागतो. खरे तर दोन्ही पद्धतींत हा नियम जोडणे चांगले: दांडी अर्ध्याहून पुढे असताना झपकन मध्यावर आली तर ब्रेक लाइट दीड-दोन सेकंद लावावा, कारण गिअरबॉक्सच्या घर्षणाने मॉडेल लगेच थांबते आणि थांबणाऱ्या ट्रकचे ब्रेक लाइट लागले नाहीत तर ते विचित्र दिसते. दांडी हळूहळू मध्यावर आणली तर लावू नये. चालकाने नुसता पाय काढला आहे.

मागचा लाल दिवा पार्किंगला मंद आणि ब्रेकला प्रखर, हे काम एकाच एलईडीकडून करून घेताना एक अडचण येते. एलईडीच्या मायनस पायाला दोन रेझिस्टर जोडायचे, मोठा पार्किंगच्या आउटपुटला आणि लहान ब्रेकच्या, इतके सोपे ते कागदावर दिसते. जोडणी करून पाहिली की भर दिवसा, पार्किंग बंद असताना, ब्रेक दाबताच बाजूचे पिवळे मार्कर अंधूक लुकलुकतात. कारण असे की मार्कर आणि मागचा लाल दिवा यांची पार्किंगची तार एकच आहे. ब्रेकचा स्विच मिटला की मार्करमधला प्रवाह त्या तारेतून उलटा येतो, मोठ्या रेझिस्टरमधून लाल दिव्याच्या पायाशी पोहोचतो आणि तेथून ब्रेकच्या वाटेने मायनसला निघून जातो. पांढऱ्या दिव्यांना जास्त व्होल्टेज लागत असल्याने ते लागत नाहीत, आणि म्हणूनच दोष शोधायला वेळ जातो. सर्वांनाच प्रोग्रामचा संशय येतो. उपाय आहे दोन्ही वाटांवर एकेक १एन४१४८ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा), त्याची काळी पट्टी यूएलएनच्या बाजूला ठेवून. डायोडमध्ये आणखी ०.७ व्होल्ट जातात, म्हणून ब्रेकच्या वाटेवर १५० ओहम आणि पार्किंगच्या वाटेवर ८२० ओहम ठेवावेत. १० आणि जेमतेम २ मिलिअँपिअर असा फरक मिळतो. याहून कमी फरक ठेवला तर संध्याकाळी ब्रेक लागला की नाही ते ओळखूच येत नाही.

इंडिकेटरची गती मिनिटाला ९० ठेवावी. खऱ्या वाहनांच्या नियमांत ६० ते १२० ही मर्यादा असते, म्हणजे ३३३ मिलिसेकंद चालू आणि तेवढेच बंद हे मधोमध बसते. जुन्या ट्रकचे मॉडेल असेल तर दिवा एकदम लागू-विझू न देता नॅनोच्या ३, ५, ६, ९, १० आणि ११ या पिनांवरून शे-दीडशे मिलिसेकंदांत चढवावा आणि उतरवावा, मग तो एलईडी न वाटता तारेचा बल्ब वाटतो. रंगही त्याच हिशेबाने. हॅलोजनच्या काळातल्या ट्रकला पिवळसर पांढरा एलईडी शोभतो. निळसर पांढरा लावला की सगळी मेहनत वाया. प्रखरतेबाबत तर मी असे म्हणेन की वर दिलेले आकडे कमाल समजावेत आणि संध्याकाळी, दहा पावलांवरून पाहून, निम्म्यापर्यंत खाली यावे.

जागेचा हिशेब प्रमाणावरून निघतो. सात इंची गोल हेडलाइट १:१४ मध्ये पावणेतेरा मिलिमीटरचा होतो, त्याच्या भिंगामागे ५ मिलिमीटरचा एलईडी आरामात बसतो. मागच्या दिव्यांना ३ मिलिमीटरचे आणि मार्करना ०८०५ मापाचे सपाट एलईडी घ्यावेत. दिवा लावल्यावर पातळ प्लॅस्टिकचे अख्खे बंपर आतून उजळते, ते टाळण्यासाठी आतल्या बाजूला आधी काळ्या रंगाचे दोन हात आणि त्यावर पांढऱ्याचा एक हात द्यावा. ॲल्युमिनियमची चिकटपट्टीही प्रकाश अडवते, पण ती वीजवाहक आहे. एलईडीचे उघडे पाय तिला टेकले की शॉर्ट झालेच.

वायर सिलिकॉनच्या आवरणाची, २८ किंवा ३० गेजची घ्यावी. सपाट एलईडीला ती जाड पडते, तेथे इनॅमलची तांब्याची तार वापरावी आणि टोकाचे इनॅमल खरवडून आधी कथील चढवून घ्यावे. सोल्डरिंगचे टोक एलईडीच्या पायावर तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये. केबिन पुढे कलंडणारी असल्यास वायरचा जुडगा बिजागरीजवळून न्यावा, तेथे थोडी ढिलाई ठेवावी आणि केबिन व चॅसी यांच्यामध्ये एक कनेक्टर द्यावा, म्हणजे रंगकामासाठी केबिन पूर्ण सुटी करता येईल. खऱ्या ट्रकमध्ये चॅसीलाच मायनस मानतात, येथे तसे करू नये. आपल्या जोडणीत मायनस बाजू तोडली जाते. चॅसी मायनसला जोडलेली असेल आणि एखादी परतीची वायर घासून उघडी पडली, तर तो दिवा कायमचा लागून राहील, आणि प्लसची वायर उघडी पडली तर थेट शॉर्ट. चॅसी कशालाच जोडू नये.

ट्रेलरसाठी सहा तारा पुरतात: समाईक प्लस, पार्किंग, डावा, उजवा, ब्रेक आणि रिव्हर्स. ट्रेलरच्या मागच्या लाल दिव्यांनाही वर सांगितलेले डायोड लागतात, ते ट्रेलरमध्येच बसवावेत. ट्रकच्या बाजूला नेहमी सॉकेट असावे आणि पिना ट्रेलरच्या बाजूला, कारण वीज ट्रकमध्ये आहे आणि ट्रेलर सुटल्यावर उघड्या पिना चॅसीवर घासायला नकोत. ट्रेलरच्या प्लसवर अर्ध्या अँपिअरचा पॉलिफ्यूज (न जळता, तापल्यावर प्रवाह अडवणारा फ्यूज) घातला तर ट्रेलरमधल्या शॉर्टने ट्रकचे दिवे फार वेळ जात नाहीत. शॉर्ट काढून वीज बंद करून चालू केली की तो थंड होऊन आपोआप पूर्ववत होतो. पहिल्यांदा वीज देताना मोटरची वायर काढून ठेवावी, यूएलएन सॉकेटमधून उपसून ठेवावा, प्रत्येक आउटपुटचे छिद्र जंपरने एकेक करून मायनसला टेकवून गटागटाने दिवे तपासावेत, आणि सगळे गट बरोबर लागल्यावरच चिप बसवून प्रोग्राम चढवावा.